सड्यावरचा वणवा: जाळरेषेचं काम, गणपतीपासून पावसाळ्यापर्यंत

दिवाळी सरली की सड्यावरचं, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरचं, गवत पिवळं पडतं. तिथून मेअखेरपर्यंत रत्नागिरी, राजापूर, देवगड पट्ट्यातल्या बहुतेक गावांच्या डोक्यावर वाळलेलं गवत उभंच असतं. एक विडी, वीजवाहिनीची एक ठिणगी किंवा कुणाच्या हातून सुटलेली भाजावळ (भाताच्या रोपांसाठी पेरणीआधी जमीन भाजणं), एवढं पुरतं. सातबाऱ्यावर हा सडा पोटखराबा किंवा पडीक म्हणून लागलेला असतो. त्यामुळे जळला तर जळला, त्यात गेलं काय, असं गावातलेही म्हणतात.

गेलं काय ते सड्यावर कुठे उभं राहून बघता यावर आहे. उघड्या कातळावरचं विरळ गवत दोन-चार मिनिटांत जळून जातं. पावसाच्या सुरुवातीला फुलणाऱ्या दीपकाडीचा कंद जमिनीखाली असतो, सीतेच्या आसवांचं बी कातळाच्या खळग्यांतल्या मातीत असतं. खरी हानी होते ती सड्याच्या कडेला. तिथे माती जरा जाड असते, करवंद, अंजनी, जांभूळ यांच्या जाळ्या असतात आणि त्याखाली उतारावर ऐन-किंजळीचं रान, वहाळ (ओढा), काजूच्या बागा, कधी देवराई. तिथे पातेऱ्यात, म्हणजे गळून पडलेल्या वाळक्या पानांत, आग रेंगाळते. दरवर्षी जळणाऱ्या कडेला दोन-तीन वर्षांचं रोप उरतच नाही, त्यामुळे रान वर सरकत नाही, उलट खाली हटत जातं. शिवाय टिटवी, चंडोल, रातवा हे पक्षी अंडी घालतात ती थेट जमिनीवर, आणि तीही उन्हाळ्यात.

म्हणून गावाने पहिल्या वर्षी अख्खा सडा राखायच्या मागे लागू नये. आग कडेवर थांबली पाहिजे आणि एका बाजूची आग दुसऱ्या बाजूला जाता कामा नये, एवढं साधलं तरी पुष्कळ. त्यासाठी जाळरेषा, म्हणजे गवत कापून मोकळा केलेला पट्टा, हवी, आणि ती वणव्याच्या दिवशी काढता येत नाही.

भाद्रपद: संमती आणि नकाशा

सडा बहुधा सामाईक असतो. एकेका सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं आणि त्यातली निम्मी मुंबईला. ही सगळी माणसं एकत्र सापडतात ती गणपतीत. गावकीची सभा तेव्हाच लावा आणि तीन गोष्टी लिहून घ्या: कुणाच्या जमिनीतून पट्टा जाणार, कापलेलं गवत कुणाचं, आणि मजुरी-पेट्रोलचा खर्च कसा वाटायचा. यातली दुसरी गोष्ट किरकोळ वाटते, पण भांडण तिथेच होतं. नुसत्या तोंडी होकारावर काम सुरू केलं तर डिसेंबरात कुणीतरी ‘माझ्या जागेतून विचारल्याशिवाय’ म्हणून उभा राहतो आणि पट्टा मधेच तुटतो. मधे पन्नास मीटर तुटलेली रेषा म्हणजे नसलेलीच रेषा. ठराव ग्रामसभेत घेतला आणि गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत सड्याची नोंद केली तर पुढल्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

पट्टा वनखात्याच्या हद्दीला लागत असेल तर वनरक्षकाला आधी कळवा. वनजमिनीतलं काम त्यांच्या परवानगीशिवाय करायचं नाही. पट्ट्यात झाड आलं तरी ते तोडू नका. परवानगीशिवाय झाड तोडणं खाजगी जागेतही अडचणीत आणतं, आणि आग थांबवायला झाड तोडायची गरजही नसते. खालच्या फांद्या माणसाच्या उंचीपर्यंत छाटल्या आणि बुंध्यावर चढलेल्या वाळक्या वेली ओढून काढल्या की गवतातली आग शेंड्यापर्यंत चढत नाही.

नकाशा मोबाईलवरच्या उपग्रह-चित्रावर करता येतो. गावातल्या गुराख्याला शेजारी बसवा. मागच्या चार-पाच वर्षांत आग कुठून आली हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. बहुतेक गावांत त्याच त्या जागा निघतात: सड्यावरून जाणारा डांबरी रस्ता, विजेचा डीपी आणि लोंबत्या तारा, शेजारच्या गावाची शीव, भाजावळीचे तरवे (भाताच्या रोपांचे वाफे), पर्यटक सूर्यास्त बघायला थांबतात ती कड. डीपी आणि तारांसाठी महावितरणला दिवाळीआधीच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आश्विन-कार्तिक: रेषा आखणं

सड्याची एक मोठी सोय आहे. जे जळत नाही ते तिथे आधीच भरपूर असतं. उघडा कातळ, वहाळाचं पात्र, गडगे (रचलेल्या दगडांचे बांध), पाणंदी, गाडीरस्ता, जुनी चिऱ्याची खाण. हे सगळं नकाशावर एका रंगाने भरा आणि मग फक्त मधली अंतरं जोडा. दोन किलोमीटरची कड राखायची असते, आणि प्रत्यक्ष कापावं लागणारं अंतर त्याच्या निम्म्यावर येतं. नवखे गट नेमकं उलटं करतात. शिवेच्या दगडापासून शिवेच्या दगडापर्यंत सरळ रेघ मारतात आणि मग दाट गवतातून कापत बसतात. सरळ रेषेचं आगीला काही पडलेलं नसतं. गडग्याचा आधार घेतला तर मात्र दोन्ही बाजूंचं मीटरभर गवत काढा. जांभ्याच्या सांध्यांत वाळकं गवत आणि पातेरा भरलेला असतो आणि त्यातून आग पलीकडे जाते.

रुंदीचा किमान हिशेब गवताच्या उंचीच्या तिप्पट. गुडघाभर गवताला दोन मीटर चालतं, कमरेएवढ्याला तीन-चार मीटर. पश्चिमेची बाजू सहा मीटर ठेवा. किनाऱ्यावर दिवसाचे साडेदहा-अकरा वाजले की समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, दुपारभर वाढत जातो, आणि आग पूर्वेला, बागांकडे रेटतो. रात्री आणि पहाटे मतलई वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे, पण जोर कमी. मोठ्या आगी दुपारी बारा ते पाचमध्ये पसरतात त्या याच कारणाने.

उतारावर रेषा कुठे काढू नये हे आधी लक्षात घ्या: मधोमध. आग चढावर धावते. चढ दर दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. चढत्या आगीपुढे अर्ध्या डोंगरातली चार मीटरची रेषा टिकत नाही. रेषा माथ्यावर, शक्य तर माथा ओलांडून दोन पावलं पलीकडे घ्या. तिथे ज्वाळा उभ्या होतात आणि वेग मरतो. काही कारणाने उतारावर घ्यावीच लागली तर खालच्या कडेला वीतभर खोल चर मारा. जळते ओंडके, वाळलं शेण, सावरीची बोंडं गडगडत खाली येतात, ती चरात अडकली पाहिजेत.

खर्चाचा अंदाज असा धरा: एक किलोमीटर लांब आणि चार मीटर रुंद पट्टा म्हणजे ४,००० चौरस मीटर, एक एकराला जेमतेम कमी. तुमच्या गावात एकरभर गवत कापायला जी मजुरी लागते तीच इथे.

जेसीबी लावायचा मोह होईल, काम एका दिवसात होतं म्हणून. लावू नका. बोटभर मातीचा थर खरवडला की तो परत बसायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. उकरलेली लाल माती पहिल्या पावसात वहाळात आणि तिथून विहिरीत जाते. कातळावर काय कोरलेलं आहे हे गवताखाली दिसतही नाही. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, जांभरुण, उक्षी, कुडोपी ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्याआधी कित्येक वर्षं ती अशीच गवताखाली होती.

मार्गशीर्ष: कापणी

गवत पूर्ण वाळायच्या आधी, अर्धं हिरवं असताना कापलं तर दोन फायदे: वैरण म्हणून त्याला किंमत येते, आणि ग्रास कटरची पाती दगडावर आपटून उडालेल्या ठिणगीने आग लागत नाही. हा दुसरा धोका पोकळ नाही. जानेवारीनंतर कडक उन्हात कटर चालवणं म्हणजे आग स्वतःच लावणं. तेव्हा विळा वापरा. कटरला पातीऐवजी नायलॉनची दोरी लावली तर कातळाजवळ काम सोपं जातं. पण त्या दोरीचे तुकडे तुटून गवतात जातात आणि गवताबरोबर गुरांच्या पोटात. त्यामुळे जे गवत वैरणीला जाणार ते पातीने किंवा विळ्याने कापा, दोरी फक्त खडकाळ कडेला.

कापणी जमिनीलगत. चार बोटं खुंट राहिले तर ते पुढे वाळून आगीला पूल देतात. कापलं गवत तीन-चार दिवस सुकू द्या, मग दाताळ्याने ओढून भारे बांधा आणि पट्ट्याबाहेर, वाडीकडे न्या. पट्ट्यावर किंवा पट्ट्याच्या कडेला उडवी रचून ठेवलेली अनेक ठिकाणी दिसते. आग आली की ती तासभर धगधगते आणि ठिणग्या रेषेपलीकडे फेकते. आंबा-काजूच्या बुंध्याला आच्छादन म्हणून हे गवत वापरायचं असेल तर बागेच्या बाहेरच्या दोन ओळी तशाच उघड्या ठेवा आणि आतल्या झाडांतही बुंध्यापासून हातभर जागा मोकळी सोडा.

वैरणीला न जाणारा कचरा जाळायचाच असेल तर दव असताना, सकाळी सूर्य वर यायच्या आत, छोटे ढीग करून, शेजारी पाणी आणि किमान पाच माणसं ठेवून. ढीग चार दिवस पडून असेल तर आधी दुसऱ्या जागी हलवा. सरडे, बेडूक, सापसुरळ्या त्यात आसऱ्याला येतात.

तणनाशक मारून पट्टा करण्याची पद्धत वाढते आहे, मजुरी वाचते म्हणून. त्यात हिशेबाचीच चूक आहे. औषधाने गवत मरतं, पण उभ्या उभ्या वाळतं. म्हणजे पैसे खर्चून तुम्ही जळण लवकर तयार करता. शिवाय सड्यावरचं पाणी मुरून खालच्या झऱ्यांना आणि विहिरींना जातं. फवारलेलं औषध कुठे जाणार हे वेगळं सांगायला नको.

एक सावधगिरी. जांभ्याच्या सैल दगडाखाली, गडग्याच्या फटीत फुरसं असतं. हा साप छोटा, मातीच्या रंगाचा, आणि जागचा हलत नाही. गवत कापताना हात आधी घालू नका, काठी आधी घाला. पायात गमबूट. दंश झालाच तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, मांत्रिक नाही. माणसाला चालू न देता तडक दवाखान्यात न्यायचं. प्रतिविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात असतं हे काम सुरू व्हायच्या आधीच विचारून ठेवा.

माघ: दुसरी फेरी

बहुतेक जाळरेषा इथे फसतात. डिसेंबरात स्वच्छ केलेला पट्टा जानेवारी-फेब्रुवारीत पातेऱ्याने भरतो. ऐन, किंजळ, सावर पानं टाकतात आणि वाऱ्याने ती नेमकी मोकळ्या पट्ट्यात साचतात. आग आली की लोक म्हणतात, रेषा काढूनही काही झालं नाही. रेषा होती कुठे? वीतभर पातेरा होता.

म्हणून माघात एक आणि शिमग्याआधी एक, अशा दोन वेळा पट्टा दाताळ्याने ओढून घ्या. पातेरा रानाच्या बाजूला न ढकलता मोकळ्या सड्याच्या बाजूला पसरा, किंवा पोत्यांत भरून तरव्याला न्या. शिमग्याच्या तोंडावरची फेरी अजिबात चुकवू नका. त्या दिवसांत गावात माणसं वाढतात, रात्री-अपरात्री पालख्यांबरोबर ये-जा असते, ठिकठिकाणी होम पेटतात. मार्चपासून कामाला जाताना पायाखाली बघा. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत असेल तर अंडी जवळच आहेत. तेवढा तुकडा तसाच सोडून पट्टा वळवून घ्या.

भाजावळ

भाजावळ बंद करा असं सांगणारे पत्रक काढून मोकळे होतात आणि शेतकरी दुर्लक्ष करून मोकळा होतो. तरवा न भाजता गादीवाफ्यावर शेणखत घालून रोप चांगलं येतं, आणि ज्याला पटेल त्याने ते जरूर करावं. पण जोवर भाजावळ होते आहे तोवर ती नीट व्हावी. चारी बाजूंनी तीन मीटर गवत काढलेलं. टाळ (पानांसकट तोडलेल्या फांद्या), शेण, गवत, पातेरा यांच्या थरावर मातीचा पातळ थर, म्हणजे ठिणगी उडत नाही. पेटवायचं वारा जिकडे जातो त्या टोकाकडून, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध, सावकाश सरकते आणि तरवाही नीट भाजतो. वेळ पहाटेची, आणि खारा वारा सुरू व्हायच्या आत, दहापर्यंत, सगळं विझलेलं हवं. शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगा. वाडीवाडीने भाजावळीचे वार ठरवून घेतले तर त्या दिवशी पंप आणि माणसं तयार ठेवता येतात.

‘जाळलं की गवत चांगलं येतं’ हे जुनं बोलणं सड्यावर जसंच्या तसं लागू होत नाही. राख पहिल्या जोराच्या सरीत वहाळाला लागते. सड्यावर तिला धरून ठेवायला मातीच नसते.

आग लागलीच तर

आधी फोन, मग धाव. वनखात्याची हेल्पलाइन १९२६, अग्निशमन १०१, एकत्रित आपत्कालीन क्रमांक ११२. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या सेवेत मोबाईल नोंदवला की उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश येतो. तो जरूर घ्या, पण त्यावर विसंबू नका. उपग्रह दिवसातून मोजक्या वेळाच डोक्यावरून जातो, आणि गवतातली आग तासाभरात येऊन जाते.

सामान गावात एका ठिकाणी, कुलूप न लावता ठेवा: कोयते, दाताळी, फावडी, बॅटऱ्या, आंबा फवारणीचे पाठीवरचे पंप. सोळा लिटरचा पंप वणव्यात फार कामाचा आहे, पण आतलं औषध तीन वेळा धुऊन काढलेलं हवं. ते तापून नाकात गेलं तर धुराहून वाईट. कुणाकडे पिकअपवर टाकी आणि जोराच्या फवाऱ्याचा (एचटीपी) पंप असेल तर त्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. कपडे सुती, पायात बूट. नायलॉनचा शर्ट अंगाला चिकटतो.

पाच-सहा जणांची तुकडी, एक सांगणारा, आणि एक जण उंचावर, फक्त वारा आणि धूर बघायला. हा माणूस रिकामा उभा आहे असं वाटून लोक त्यालाही खाली बोलावतात. बोलावू नका.

आगीच्या तोंडासमोर कधीच जायचं नाही, चढावर तर मुळीच नाही. सुरुवात शेपटाकडून, म्हणजे आग जिथून निघाली त्या टोकाकडून. जळून गेलेल्या काळ्या बाजूने पुढे सरकत दोन्ही कुशी विझवत जायचं आणि तोंड अरुंद करत आणायचं. टाळ जांभूळ किंवा अंजनीचा, हिरवागार, चार-पाच फुटी. तो आपटायचा नाही, दाबून धरायचा आणि काळ्या बाजूकडे ओढायचा. हवेत फिरवून मारलं की ठिणग्या पलीकडे पडतात आणि एकाच्या दोन आगी होतात. पंपवाला टाळवाल्याच्या एक पाऊल पुढे, फवारा ज्वाळेच्या शेंड्यावर नाही, बुडावर. अंगावर आली तर पळायचं काळ्याकडे किंवा उघड्या कातळाकडे, वर डोंगराकडे नाही. येणाऱ्या आगीला जळायला काही उरू नये म्हणून समोरून प्रतिआग लावणं हे नवख्यांचं काम नाही. वनखात्याची माणसं सोबत असतील तरच.

ज्वाळा गेल्या म्हणजे आग विझली असं नाही. वाळलं शेण, वठलेला बुंधा, वारूळ, गडग्यातला पातेरा रात्रभर आतून धुमसत राहतो. आगीच्या कडेपासून काळ्यात दहा मीटरपर्यंत प्रत्येक धूर शोधा, फोडा, पाणी किंवा माती टाका, आणि हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब आहे का बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दोन माणसं पुन्हा तिथे हवीत. खारा वारा सुटला की रात्रीची ठिणगी जागी होते. विझवलेला वणवा दुसऱ्या दिवशी ‘परत लागला’ म्हणतात तो बहुतेक वेळा हाच.

विझल्यावर

जळलेली कड त्याच आठवड्यात नकाशावर भरा. कुठून आली, कुठे थांबली, रेषा कुठे ओलांडली. बागेचं नुकसान असेल तर साफसफाईच्या आधी फोटो काढा आणि महसूल व कृषी विभागाकडून पंचनामा करून घ्या. राखीव वनात आग लावणं किंवा वनाला धोका होईल अशी आग पेटती सोडून जाणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. कुणी मुद्दाम लावल्याचा पुरावा असेल तर तो वनरक्षकाकडे द्या, गावच्या ग्रुपवर नको.

होरपळलेली आंबा-काजूची झाडं लगेच तोडू नका. जून-जुलैत फूट कुठून येते ते बघून वाळलेला भाग कापा आणि कापाला बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मगच एकत्र करायचे, आणि लोखंडी भांड्यात मुळीच नाही.

उतारावर पातेरा जळून माती उघडी पडली असेल तर मेअखेर जळक्या फांद्या आणि दगड उताराला आडवे, दहा-बारा पावलांच्या अंतराने रचून ठेवा. काळ्या पडलेल्या सड्यावर मात्र खड्डे खणून झाडं लावायला जाऊ नका. वनमहोत्सवात हे हमखास सुचवलं जातं. तो कातळ गवताचा आणि पावसाळी फुलांचाच आहे. लावायचंच असेल तर जळालेल्या कडेच्या मातीत करवंद, जांभूळ, अंजनी यांचं त्याच रानातलं बी टोकून द्या, आणि येत्या आश्विनात रेषा आखताना ती जागा रेषेच्या आत घ्या.